डाव्या सीटवरून

परवा रायपूरचा एक माणूस आपली गाडी पाहायले आला अन् आत अडकला.

तुम्ही असते तं हसले असते, म्हणून आधी हेच सांगतो. चांगला धिप्पाड माणूस होता, हातात दोन फोन, बोटात खड्यांच्या अंगठ्या. जुन्या गाड्यांचा शौक आहे म्हणे त्याले. बोनेट उघडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, "कॉन्टेसा है आंटी, आजकल ऐसी हालत में मिलती कहाँ है," असं म्हणाला, अन् मी काही सांगायच्या आत डाव्या बाजूनं आत बसून दरवाजा ओढून घेतला. मग लागला हँडल खेचायले. खांदा लावून पाहिला, बुक्की मारून पाहिली. काच तं तुमाले माहीत आहे, चार बोटं उतरते अन् थांबते. त्या फटीतून म्हणतो कसा, "आंटी, अंदर से खुलता नहीं क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, बाहर से ही खोलना पड़ता है." तुम्ही गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसली. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई गॅलरीतून पाहून राहिल्या होत्या, तरी पदर तोंडाले लावून हसली. मग जाऊन दरवाजा उघडला.

गाडी त्याले पसंत आहे. रविवारी ट्रक घेऊन येतो, चढवून नेतो म्हणाला. आपल्या मीनलनं पुण्याहून फोनवर सगळं ठरवून टाकलं आहे. गाडी विकायची, क्वार्टर सोडायचं, अन् मी तिच्या फ्लॅटमध्ये जाऊन राहायचं. तिचं चूक नाही. बाप गेल्यावर आई एकटी भिलाईत कावून राहील? पण गाडी गेली म्हणजे माझं महाड गेलं, हे त्या पोरीले कुठं माहीत आहे. ते तुमाले माहीत होतं अन् मले. आता एकट्या मलेच.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक चांगलं बोलले. शांत स्वभावाचे होते, कमी बोलायचे, ड्यूटीचे पक्के होते. विहारातल्या ताई मले म्हणाल्या, तुम्ही पण दोन शब्द बोला. मी उभी राहिली, माईक हातात घेतला अन् तसाच परत दिला. लोकायले वाटलं, रडू आलं. रडू नव्हतं आलं, राग आला होता. एवढ्या लोकांच्या समोर तुमच्यासोबत भांडू कशी? ते भांडण अर्धं राहिलं आहे, ते आज पुरं करायले बसली. शुद्ध मराठीत लिहिता येते मले, पण तशी लिहिली असती तं तुम्हीच म्हणाले असते, हे कोणासोबत बोलून राहिली?

सुरुवात माझ्या बाबापासून करावी लागते. डोंगरगडले रेल्वेत गँगमन होते, रूळ सांभाळायचे. जवान होते तेव्हा एकदा चार जणांसोबत महाडले जाऊन आले. चवदार तळं पाहून आले. त्याचं वर्णन ऐकतच मी मोठी झाली. ते म्हणायचे, तळं तसं लहानच आहे पोरी, आपल्या बंधाऱ्याएवढं, पण त्याच्या काठावर उभं राहिलं की माणसाची पाठ आपोआप सरळ होते. तुले नेईन म्हणायचे. त्यायले सुट्टी कधी मिळाली नाही अन् मिळाली तेव्हा पाय राहिले नाहीत. लग्नाच्या मंडपात त्यायनं तुमचा हात धरून काय सांगितलं ते आठवते ना? बाकी काही नाही दिलं तरी चालते जावईबापू, माझ्या पोरीले महाड दाखवा. तुम्ही मान हलवली. तुमची मान कोणत्याही गोष्टीले हलायची, हे मले मग समजलं.

मग तुमची ती क्रेन. स्टील प्लांटात सगळ्यायचे मिस्टर काही ना काही करायचे, तुम्ही मात्र आभाळात बसायचे. शेडच्या छताखाली, लोखंडी शिडी चढून गेल्यावर, काचेच्या त्या केबिनमध्ये. खाली लाल धगधगतं लोखंड अन् वर तुम्ही. एकदा फॅमिलीवाल्यायले प्लांट दाखवायले नेलं होतं तेव्हा मी खालून पाहिलं. क्रेन शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची अन् त्याच रुळावरून मागं यायची. वळण नाहीच. टोकाले स्टॉपर, धडकली की परत. मी विचारलं होतं, कंटाळा नाही येत? तुम्ही म्हणाले, कंटाळ्याचं काय, रिलिव्हर वेळेवर आला म्हणजे झालं. कारण दुसरा ऑपरेटर शिडी चढून वर आल्याशिवाय तुमाले खाली उतरता यायचं नाही. तो नाही आला तं डबल ड्यूटी. जेवणाचा डब्बा दोरीनं वर ओढून घ्यायचा अन् बसून राहायचं. घरी आल्यावरही तुम्ही किती वेळ पलंगावर तसेच बसून राहायचे, हात गुडघ्यावर, समोर लिव्हर असल्यासारखे. मी म्हणायची, अहो, खाली उतरा आता. तेव्हा तुम्ही हसायचे.

गाडी आणली तेव्हा मी तुमाले काय काय नाही बोलली. रिटायर होऊन गावाकडं चाललेल्या एका साहेबाची ती गाडी. आख्ख्या सेक्टरमध्ये स्कूटर अन् मोटारसायकली, अन् आमच्या दारात ही एवढी लांब, काळी, रुंद नाकाची. सुरू केली की समोरच्या घरातलं बाळ उठायचं. मी म्हटलं, आपल्याले ही शोभते का? तुम्ही म्हणाले, "हिचं स्टेअरिंग फिरवून पाह्य एकदा. जिकडं फिरवलं तिकडं जाते." तेव्हा मले ते बोलणं पोरकट वाटलं. क्रेनमध्ये बसणारा माणूस बोलून राहिला, हे डोक्यातच नाही आलं.

अन् तो दरवाजा. आतलं लॉक तुटलेलंच होतं आणली तेव्हापासून. त्याचा पार्ट मिळत नाही म्हणायचे तुम्ही. त्यामुळं दर वेळी तुम्ही उतरायचे, गाडीच्या नाकापुढून चक्कर मारून माझ्या बाजूले यायचे अन् दरवाजा उघडायचे. मार्केटमध्ये, विहारात, कोणाच्या लग्नात. आपल्या रुआबांधा सेक्टरच्या बायका मले म्हणायच्या, बाई, तुझा नवरा किती मान देते, आमचा तं आम्ही बसायच्या आधीच गाडी सोडते. मी नाही सांगितलं कोणाले की तो मान नाही, तुटकं लॉक आहे. खरं सांगू? मले आवडायचं ते. आत बसून वाट पाहायची, तुम्ही येऊन राहिले ते काचेतून दिसायचं. तेवढ्यापुरती मी साहेबीण असायची. चिडचिड व्हायची ती वेगळी. तुम्ही कोणासोबत बोलत उभे राहिले की मी आत उकडून निघायची अन् तुमचं लक्षच नसायचं.

दर महिन्यात दोनदा तरी तुम्ही म्हणायचे, चल, गाडीचे पाय मोकळे करून आणू. दुर्ग, राजनांदगाव, मग जंगल, बाघनदीचा पूल, अन् पूल ओलांडला की महाराष्ट्र. माझं मन तिथून पुढं पळायचं. देवरी आलं की तुम्ही टपरीवर गाडी थांबवायचे. चहा आणून द्यायचे, माझा दरवाजा उघडून कप हातात द्यायचे, बशीत दोन खारी. उभ्यानं तुमचा चहा पिऊन झाला की गाडी भिलाईकडं वळलेली. दर वेळी. मी म्हणायची, साकोलीपर्यंत तं चला, तुमचं गाव आहे तिकडं. तुम्ही म्हणायचे, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. शिफ्ट नसली तं गाडीचा आवाज बरोबर नाही. आवाज बरोबर असला तं मीनलची परीक्षा. गावाले आपण रेल्वेनंच गेलो आयुष्यभर. तुम्ही रिटायर झाले, परीक्षा संपल्या, मीनलचं लग्न होऊन गेलं, तरी देवरीवरून आपण परतच येत राहिलो.

मीनल कॉलेजात होती तेव्हा तिच्यासोबत मीही ड्रायव्हिंग शिकली. लायसन्स काढलं. तुम्ही पेढे आणले होते त्याचे. पण चाबी? चाबी नाही दिली. "ही ट्रेनिंगची डबडी नाही. हिचं स्टेअरिंग जड आहे, तुह्या हातानं नाही वळत." मी म्हटलं, पोळ्या लाटून लाटून माझे हात तुमच्यापेक्षा मजबूत आहेत. तुम्ही मान हलवली. हेच ते भांडण. किती वर्षं चाललं ते. मी डावीकडं, चाबी तुमच्या खिशात.

पुण्याच्या त्या जेवणाच्या दिवशी काय झालं ते मीनल अजून विसरली नाही. तिचे सासरे, म्हणजे आपले इवाई, मोठे गोड माणूस, पण जीभ पुण्याची. आपण तेव्हा रेल्वेनं गेलो होतो. तुम्ही जेवून हात धुतले अन् म्हणाले, चला, आम्ही निघून राहिलो. ते म्हणाले, "निघून राहिलो म्हणजे नक्की काय हो? निघालात, की राहिलात?" सगळे हसले. आपल्या इनबाई, मीनलच्या सासूबाई, म्हणाल्या, "आणि ह्या तर बाईमाणूस असून 'मी येतो' म्हणतात." मीनलनं मान खाली घातली. तिनं तं आधीच मले सांगून ठेवलं होतं, आई, इधर 'करून राहिली' मत बोलना प्लीज. मी हसली. तुम्हीही हसले. पण ट्रेनमध्ये रात्र होईपर्यंत तुम्ही खिडकीतून बाहेर पाहत बसले अन् एकदम म्हणाले, "बरोबर बोलला तो माणूस. आपण निघतो अन् राहतोच." मी म्हटलं, अहो, त्यायले आपली बोली समजत नाही. तुम्ही म्हणाले, "त्याले समजली. आपल्यालेच समजली नव्हती." मग भिलाई आली. दारात पाय ठेवला अन् म्हणाले, "तुले महाडले नेतो. गाडीनं."

मी विश्वास ठेवला नाही. देवरीची टपरी आली तेव्हाही नाही ठेवला. टपरीवाल्यानं आपली गाडी ओळखून दोन चहा ओतायले घेतले, अन् तुम्ही न थांबता पुढं नेली. तो किटली हातात धरून पाहतच राहिला. साकोली गेलं, भंडारा गेलं, मी काचेच्या फटीत नाक घालून हवा घेऊन राहिली होती. नागपूरले माझ्या बहिणीकडं मुक्काम केला. तिनं वांग्याची भाजी अन् भाकर केली, तुम्ही मागून मागून खाल्ली. तिले म्हणाले, उद्या पुणे, परवा महाड. तुमचा चेहरा एवढा मोकळा मी मीनल झाली तेव्हाच पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी आपण समृद्धीवर चढलो. लवकर पोहोचू म्हणून. तो रस्ता तुमाले मानवणार नाही, हे मले कसं समजणार? सरळच्या सरळ पट्टा, दोन्ही बाजूले कुंपण, टपरी नाही, झाड नाही, गाव नाही. थोड्या वेळानं तुम्ही विचारलं, "पुढं वळायले कुठं आहे?" मी म्हटलं, वळायचं कावून? "असंच विचारलं." मग परत विचारलं. मग परत. मी म्हटलं, आता उतरायचा फाटा आला तंच वळता येते, हा वळायचा रस्ता नाही. तुमच्या कपाळावरून घाम गळून राहिला होता. मी गाडीचा टेम्परेचरचा काटा पाहिला. काटा मधातच होता. गाडी मस्त चालून राहिली होती, इतक्या वर्षांत मलेही तिचा आवाज तुमच्याइतकाच समजायले लागला होता. गरम तुम्ही झाले होते.

तुम्ही गाडी कडेले घेतली, बंद केली, चाबी तशीच ठेवली अन् उतरले. "येतो," म्हणाले. मले वाटलं, चक्कर मारून माझ्याकडं येऊन राहिले. पण तुम्ही सरळ चालत गेले, उन्हात, कडेच्या लोखंडी पट्टीपर्यंत, अन् माझ्याकडं पाठ करून बसले. दोन्ही हात गुडघ्यावर.

मी फटीतून हाका मारल्या. ट्रक जायचे अन् माझा आवाज घेऊन जायचे. काच तापली, सीट तापली. मी हँडल ओढलं, जसं त्या रायपूरवाल्यानं ओढलं तसंच, माहीत असून. मग राग गेला अन् भीती आली. या माणसाले काही झालं अन् मी इथं पेटीत बंद. आयुष्यभर मी त्या दरवाजाकडं तोंड करून बसली होती, म्हणून मले दुसरी बाजू दिसतच नव्हती. उजवीकडचा दरवाजा तं चांगला होता. सरकून जायचं, बस. गिअर मधात होता, साडी वर खोचली, एक पाय टाकला, दुसरा ओढला, अन् तुमच्या सीटवर जाऊन बसली. दरवाजाच्या हँडलवर हात ठेवला. उतरायचं अन् तुमच्याकडं पळायचं, एवढंच मनात होतं. पण समोर स्टेअरिंग होतं अन् चाबी लावलेली होती.

पहिल्यांदा झटका खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली. हळूहळू तुमच्यापर्यंत आणून थांबवली. तुम्ही मान वर करून पाहिलं. मले वाटलं, आता ओरडतात. तुम्ही म्हणाले, "रिलिव्हर आला." स्वतःच दरवाजा उघडला अन् डाव्या सीटवर बसले.

मी गाडी पुढं घेतली. स्टेअरिंग जड होतं, ते खरं. पण वळत होतं. तुम्ही डॅशबोर्ड धरून बसले होते. म्हणाले, "वळव." मी म्हटलं, महाड पुढं आहे. "वळव बापा." मी म्हटलं, आज नाही वळवत, काय करता करा. तेव्हा तुम्ही ते बोलले. मोठ्यानं नाही, "मले घरी ने." असा आवाज मी तुमचा कधी ऐकला नव्हता, मीनलच्या आजारपणातही नाही. फाट्याची पाटी आली. सरळ गेलं तं माझ्या बाबाचं तळं, डावीकडं उतरलं तं भिलाई. मी उतरवली गाडी. त्या गोल रस्त्यावरून परत नागपूरच्या दिशेले वळवताना मी जेवढी रडली तेवढी तुम्ही गेले तेव्हाही नाही रडली. तुम्ही पाहत होते.

भंडाऱ्याच्या पुढं तुम्ही झोपले. तोंड थोडं उघडं, मान काचेले टेकलेली. तुमाले गाडीत झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. सगळा रस्ता मी चालवला, घाट, जंगल, राजनांदगावची गर्दी, सगळा. एवढा राग होता अंगात की आणखी चार राज्यं ओलांडली असती. घरासमोर गाडी उभी केली तरी तुम्ही झोपूनच होते. मी उठवलं नाही. तुमच्याकडं पाहत बसली, रागानंच पाहत बसली, अन् त्या रागातच कधीतरी तुमचा शर्ट नीट केला.

अन् मग तुम्ही लोकायले काय सांगितलं? गाडी गरम झाली. शेजाऱ्यायनं विचारलं, गाडी गरम झाली. मीनलले फोनवर, गाडी गरम झाली. हथखोजचा मिस्त्री बिचारा रेडिएटर काढून, धुवून, परत बसवून गेला अन् म्हणाला, साहब, इसमें तो कुछ है ही नहीं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकून राहिली होती. तुमचं बोलणं मी खोडलं नाही. पण मले त्या गाडीची कीव आली. तिची काही चूक नव्हती अन् बट्टा तिच्यावर.

मी वाट पाहिली. आज बोलतील, उद्या बोलतील. जेवताना विचारलं एकदा, त्या दिवशी काय झालं होतं? तुम्ही म्हणाले, "काही नाही, पोळी वाढ." पोळी वाढली. मग थंडी आली अन् तुम्ही गेले. काय झालं होतं ते सांगितलंच नाही. मले एवढंच पाहिजे होतं की तुम्ही म्हणावं, मले भीती वाटते. मी काय हसली असती? इतक्या वर्षांत मले एवढंही ओळखलं नाही तुम्ही?

आता कालचं सांगतो. हे कोणाले सांगितलं नाही.

परवा तो माणूस गेल्यावर मी चाबी हातात घेऊन बसली. मनात आलं, आता तं कोणी नाही अडवायले. रविवारच्या आत एकटी जाऊन येतो. काल सकाळी पिशवीत दोन साड्या टाकल्या, दशम्या बांधल्या, पाण्याच्या कॅना ठेवल्या, अन् निघाली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं. जंगलात मी गाणंही म्हटलं. बाघनदीचा पूल ओलांडला. अन् देवरी दिसायले लागलं तसा माझा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला.

टपरीवर थांबली. तो माणूस म्हणाला, बाई, साहेब नाही आले? मी म्हटलं, नाही. त्यानं एकच चहा दिला. उभ्यानं पिली. समोर रस्ता होता, साकोलीकडं जाणारा, मोकळा. गाडी चांगली होती. शिफ्ट नव्हती, परीक्षा नव्हती. मी सीटवर येऊन बसली, चाबी फिरवली, अन् छातीत असं काही दाटलं की श्वास खालीच जाईना. कशाची भीती, ते मले आताही सांगता येत नाही. पुढं कोणीच नाही अन् मागंही कोणीच नाही, असं काहीतरी. मी वाट पाहून राहिली होती की डाव्या सीटवरून कोणी म्हणेल, वळव. म्हटलं असतं तं मी म्हणाली असती, नाही वळवत, काय करता करा. अन् गेली असती, सरळ महाडपर्यंत. पण कोणी म्हटलंच नाही. अन् मी गाडी वळवली. मीच.

येताना सगळा रस्ता तुमच्यासोबत बोलत आली. इतकी वर्षं मी समजत होती की तुम्ही मले अडकवून ठेवलं. बाजूले बसली होती, पण तुमच्या छातीत काय दाटून राहिलं ते मले दिसलं नाही. देवरीपर्यंत येणंच तुमाले किती जड जात असेल, अन् तरी तुम्ही दर पंधरा दिवसांनी मले घेऊन यायचे, जेवढं जमते तेवढं. चहा पाजून परत आणायचे. अन् मी शूर होती ती तुमच्या भरवशावर. माझी सगळी हिंमत तुमच्यासोबतच्या भांडणात होती. तुम्ही नाही म्हणायचे म्हणून मी हो म्हणायची. आता नाही म्हणणारं माणूसच घरात नाही, तं मी हो कोणाले म्हणू?

एवढं लिहून मी उठली अन् मीनलले फोन लावला. म्हटलं, त्या रायपूरवाल्याले नाही म्हणून सांग, गाडी देत नाही. अन् मी महाडले जातो आहे. ती म्हणाली, "किसके साथ?" एकटी. मग सुरू झाली. "आई, पागल झाली का? इस उमर में? वो खटारा लेके? पप्पांकडून नाही झालं अन् तू? बिलकुल नहीं. मी नाही जाऊ देणार, सुन रही है ना? बिलकुल नहीं."

तुमचीच पोरगी. शब्द हिंदी, पण आवाज तुमचा.

ती ओरडत होती अन् इकडं माझा श्वास खाली उतरून राहिला होता, पार पोटापर्यंत. मी तिले मधात तोडलं नाही, पुरं ओरडू दिलं. मग म्हटलं, "नाही ऐकत, काय करते कर." अन् फोन ठेवला. उद्या सकाळी जातो.